राकेची सुई आणि आजीची गोधडी

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, हे घरोघरी ठाऊक आहे. पौर्णिमेच्या रात्रीची आणखी एक देवता ऋग्वेदात आहे. तिचे नाव राका. दुसऱ्या मंडलातील 32 व्या सूक्तात ऋषी तिला विनवितो, की न तुटणाऱ्या सुईने तू हे कार्य शीव आणि आम्हांस वीर पुत्र दे. गर्भवतीच्या सीमंतोन्नयन संस्कारात हा मंत्र म्हणतात. देवतेच्या हाती सुई कशाला, असे तरुणपणी मला वाटे.

ते कोडे कुडव्यात सुटले. गोंदिया शहरास लागून असलेल्या या गावी कीर्तनासाठी गेलो असता, यजमानांच्या ओसरीवर घरातील वृद्ध माउली गोधडी शिवीत बसल्या होत्या. सून गर्भवती होती. नवे कापड बाळाच्या अंगास टोचते. जुने नऊवारी लुगडे शेकडो धुण्यांनी लोण्यासारखे मऊ झालेले असते. आत विरलेल्या धोतरांचे थर, वर लुगडे, आणि कडेपासून मध्याकडे सरकत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी. विरल्या जागी कोठे खणाचे लाल ठिगळ, कोठे हिरवा काठ. रंगसंगती अशी, की चित्रकाराने पाहत राहावे!

“बुवा, हा काठ माह्या सासूबाईच्या लुगड्याचा,” त्या म्हणाल्या. “लेकरू तिले पायनार नाही, पन तिच्या कुशीत तं निजन.”

संस्कृतात गोधडीस कंथा म्हणतात. विरक्तांचे ते वस्त्र. आपल्या वऱ्हाडात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा 1905 साली घर सोडून निघाले, ते चिंध्यांचेच वस्त्र लेवून. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांचे कीर्तन आठवले, की बिदागीची शाल पांघरताना मला आजही संकोच वाटतो.

एक अपराध येथे सांगितलाच पाहिजे. आई गेली त्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत तिची गोधडी आम्ही बोहारणीस देऊन स्टीलचा डबा घेतला. तो डबा अद्याप चकचकीत आहे. पोहे काढताना दर वेळी नजरेस पडतो.

आता पुन्हा घरोघरी आवराआवर सुरू होईल. माळ्यावरचे गाठोडे देऊन टाकण्यापूर्वी एकदा सोडावे, वडीलधाऱ्या बाईस जवळ बसवून कोणता काठ कोणाचा ते विचारून घ्यावे.

ऋषीने पुत्र मागितला होता. कुडव्याच्या त्या घरी कन्या आली. गोधडी तिच्याच अंगावर आहे.