तालुक्याचे रुग्णालय
(लेखांक सहावा)

बंगळूरच्या शिवाजीनगरात, पूर्वीच्या छावणीच्या हद्दीत, १८६८ साली उभे राहिलेले आणि म्हैसूरचे कमिशनर ल्यूइन बाउरिंग यांचे नाव धारण करणारे रुग्णालय शहराच्या गरिबांना दीड शतकाहून अधिक काळ आधार देत आले आहे. परंतु खेड्यातील माणसाला अशा मोठ्या रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वी मजुरी बुडवून, उसनवारी करून शहर गाठावे लागते, आणि एवढ्या अवधीत साध्या दुखण्याचेही कित्येकदा असाध्य होऊन बसते. लहान रुग्णालयाचा विचार येथूनच सुरू होतो.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आपले कार्य आरंभिले. तत्पूर्वी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात असताना त्यांच्या ध्यानात आले होते की, बरे करून घरी धाडलेले मूल त्याच दूषित पाण्यामुळे आणि त्याच उपासमारीमुळे पुन्हा खाटेवर येऊन पडते. म्हणून जामखेडला त्यांनी रुग्णालय तर काढलेच, पण त्याचे खरे काम गावोगावी नेले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. परक्या गावी एकट्या तरुण स्त्रीचा निभाव लागेना, तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. या स्त्रिया ठरल्या दिवशी जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन सुईणपण, बालकांची वजने, जुलाबावरचे मीठसाखरेचे पाणी अशी कामे अधिकाराने करीत. १९७१ साली तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. पुढील दोन दशकांत ते पन्नासाच्याही खाली आले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नसे त्यांच्याच हातून गावाची बाळंतपणे सुखरूप होऊ लागली, ही गोष्ट मला त्या आकड्याइतकीच मोलाची वाटते.

तथापि यावरून रुग्णालयाची जरूरच नाही असा निष्कर्ष काढणे घातक होय. अडलेल्या बाळंतिणीला वेळीच ओळखणारी सेविका हवी, तशीच तिला घेऊन जाण्याजोगी, शस्त्रक्रियेची सोय असलेली जागाही गाडीच्या टप्प्यात हवी. एकीवाचून दुसरी लंगडीच.

ती जागा कशी असावी, हे ठरविताना गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीचे त्यांना भय वाटे, आणि आप्तांवाचून एकटे पडून राहणे त्यांना असह्य होई. म्हणून शोधग्राम या त्यांच्या संस्थेच्या आवारातील दवाखाना झोपड्यांच्या घाटणीचा झाला, नातलगांच्या मुक्कामाची सोय झाली, आणि नाव दिले गेले ते आदिवासींच्या दैवताचे, दंतेश्वरी मातेचे. अशा रुग्णालयांचा खर्च कोणी आणि कसा सोसावा, हा विषय पुढील लेखांकात घेऊ.