गाडी चार्ज होतेय का? आकडा बघा, निवांत झोपा

आम्ही पुण्यातल्या येरवड्याच्या बचत गटातल्या बायका. आज विजेवरच्या स्कूटरबद्दल बोलू. गाडी कोणती घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. घेतलेली गाडी रात्री चार्जिंगला लावली, तर ती खरंच चार्ज होतेय का, हे घरात बसून कसं ओळखायचं, एवढंच सांगतो.

आमच्याकडे गल्ल्या अरुंद, गाडी खाली आणि आपण वरच्या खोलीत. गटातल्या एक ताई पहाटे मार्केट यार्डात भाजी आणायला जातात. एका रात्री पोरानं चुकून बोर्डाचं बटण बंद केलं. पहाटे बघतात तर बॅटरी होती तेवढीच! रिक्षा करावी लागली, उशीर झाला, दिवसाची कमाई भाड्यात गेली. तुमच्या गावाकडे तर रात्रीत लाईट कधी जाते, कधी येते, झोपेत कळतही नाही.

यावर उपाय आहे, प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा मीटर लावायचा आणि चार्जरची पिन त्याच्यात. पडदा असलेला घेतला तर इंटरनेट लागत नाही. वायफायवाला घेतला तर मोबाईलवर दिसतं. घेताना जाड पिनचा, 16 अँपिअरचाच मागा.

त्यावर दोन आकडे बघायचे. पहिला वॅटचा, म्हणजे आत्ता किती वीज जातेय. घरगुती चार्जर बऱ्याचदा 700 वॅटच्या आसपास घेतो. आकडा तिथं टिकून असेल तर चार्जिंग नीट चालू आहे. हळूहळू उतरू लागला तर घाबरू नका. बॅटरी भरत आली की ती वीज कमी घेते. जवळजवळ शून्यावर आला तर बॅटरी भरली. पण पिन लावल्या लावल्याच शून्य दिसलं, तर बटण, पिन आणि लाईट तपासा.

दुसरा आकडा युनिटचा. 3 युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला साडेतीन युनिटपर्यंत लागतात, कारण थोडी वीज उष्णतेत जाते. हे युनिट गुणिले तुमच्या बिलातला दर, झाला खर्च. वहीत लिहून ठेवा.

मीटर घ्यायला पैसे नसतील तर? घरचा वीजमीटर आहेच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर 3200 छापलं असेल तर 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि मोजा. 700 वॅटला तो मिनिटाला साधारण 37 वेळा लुकलुकेल. 1600 छापलं असेल तर त्याच्या निम्मा. दिवा स्थिर राहिला, तर गाडीला वीज जात नाही.

आता महत्त्वाचं. हा मीटर वीज किती गेली ते सांगतो, बॅटरीच्या पोटात काय चाललंय ते नाही. मार्च 2022 मध्ये आमच्या जवळच्या लोहगावात रस्त्यावर उभी असलेली स्कूटर पेटली होती. त्या वर्षी देशात अशा घटना घडल्या, म्हणून सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. तरी आपली काळजी आपणच घ्यायची. अर्ध्या तासानं पिनेजवळ हात न्या. चटका बसण्याइतकी गरम लागली किंवा जळका वास आला, तर आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग पिन काढा आणि वायरमनला दाखवा. पातळ एक्सटेन्शन वापरू नका, अर्थिंग तपासून घ्या, जिन्याच्या तोंडाशी गाडी चार्ज करू नका. रात्री आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

आमच्या ताई आता झोपण्याआधी एकदा आकडा बघतात आणि बोर्डाला चिकटपट्टी लावून ठेवतात. गटाच्या पुढच्या बैठकीत कुणाकडे गाडी असेल, तिच्या मीटरचा दिवा सगळ्यांनी मिळून मोजून बघा. भेटू पुन्हा!