जीवरक्षक यंत्रणा आणि इस्लामी विधिशास्त्र

जीवरक्षक यंत्रणेवरील रुग्णाचे उपचार केव्हा थांबवता येतात आणि मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला असे मानावे, या प्रश्नांचा विचार इस्लामी विधिशास्त्रात (फिकह) प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. कृत्रिम श्वसनयंत्रामुळे मेंदूचे कार्य संपल्यावरही हृदय काही काळ चालू राहू शकते. जुन्या विधिग्रंथांत या अवस्थेचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. त्यामुळे विधिज्ञांना मूळ तत्त्वांवरून नवे निर्णय द्यावे लागले.

पार्श्वभूमी

इस्लाममध्ये जीवन ही ईश्वराने सोपवलेली ठेव (अमानत) मानली जाते. आत्महत्या व निरपराध व्यक्तीची हत्या निषिद्ध आहे. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडवून आणणे, रुग्णाने तशी विनंती केली तरीही, विधिज्ञ हराम ठरवतात.

उपचार घेणे मात्र प्रत्येक वेळी बंधनकारक (वाजिब) मानले जात नाही. या संदर्भात एक हदीस नेहमी सांगितली जाते. अपस्माराने पीडित एका स्त्रीने पैगंबर मुहम्मद यांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. आजार सहन केल्यास स्वर्ग, अन्यथा बरे होण्यासाठी प्रार्थना, असे दोन पर्याय त्यांनी तिच्यापुढे ठेवले. तिने सहन करणे स्वीकारले. झटक्याच्या वेळी अंग उघडे पडू नये एवढीच प्रार्थना तिने मागितली. याउलट, उपचार टाळल्याने जीव जाणार असेल तर ते घेणे बंधनकारक आहे, असे जेद्दास्थित आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1992 मध्ये स्पष्ट केले. निष्फळ ठरलेला उपचार थांबवणे आणि मृत्यू घडवून आणणे यांत विधिज्ञ काटेकोर भेद करतात. वृत्तपत्रीय चर्चेत दोन्हींना सरसकट 'दयामरण' म्हटल्याने हा भेद पुसला जातो.

मृत्यूचा क्षण

याच अकादमीने ऑक्टोबर 1986 मध्ये अम्मान येथील अधिवेशनात मृत्यूची दोन लक्षणे मान्य केली: हृदय व श्वसन पूर्णपणे आणि कायमचे थांबणे, किंवा मेंदूची सर्व कार्ये कायमची थांबून त्याचा ऱ्हास सुरू होणे. दुसऱ्या स्थितीत हृदय यंत्राच्या साहाय्याने चालू असले तरी यंत्रणा काढणे वैध ठरते.

मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने 1987 मध्ये अधिक सावध भूमिका घेतली. तीन तज्ज्ञांनी मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे ठरवल्यास यंत्रणा काढता येते. परंतु त्यानंतर श्वसन व हृदय थांबेपर्यंत रुग्ण शरीयतच्या दृष्टीने मृत ठरत नाही. हा फरक शाब्दिक नाही. वारसाहक्क आणि विधवेचा इद्दतचा काळ मृत्यूच्या क्षणापासून मोजला जातो, आणि हृदय चालू असताना अवयव काढता येतील का, हेही त्यावरच ठरते.

शिया पंथातही एकमत नाही. इराणमध्ये 2000 साली मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानास कायद्याने परवानगी मिळाली, तर इराकमधील अयातुल्ला अली सिस्तानी मेंदूमृत्यूला मृत्यू मानत नाहीत.

पुनरुज्जीवन न करण्याचा निर्णय

सौदी अरेबियाच्या स्थायी फतवा समितीने 1980च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या फतव्यानुसार, उपचारांचा उपयोग होणार नाही यावर तीन सक्षम डॉक्टरांचे एकमत असल्यास हृदय बंद पडल्यावर पुनरुज्जीवनाचे प्रयत्न न करणे वैध आहे. हा निर्णय वैद्यकीय मानला गेल्याने त्यात कुटुंबीयांच्या इच्छेला निर्णायक स्थान नाही. रुग्णालयांत वादाचे मूळ अनेकदा हेच असते. वेदनाशामक औषधे, त्यांनी गुंगी येत असली तरी, हेतू वेदना कमी करण्याचा असल्यास सामान्यतः वैध मानली जातात. अन्न व पाणी बंद करण्यास मात्र बहुसंख्य विधिज्ञांचा विरोध आहे.