‘तिलावा’: मुंबईहून निघालेली आगबोट

युद्धात शत्रूच्या फौजेइतकीच त्याची रसदही मारायची असते, आणि म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांना, म्हणजे नौदलाबाहेरच्या, माल व उतारू वाहणाऱ्या जहाजांना मोठ्या प्रमाणावर लक्ष्य केले. हिंदी महासागरात या डावपेचाला बळी पडलेली ‘तिलावा’ ही आगबोट मुंबईची फार जवळची असूनही मराठी वाचकाला ती फारशी ठाऊक नाही.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली बांधलेली ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी ७३२ प्रवासी, २२२ खलाशी आणि ४ तोफची घेऊन मुंबईहून मोंबासा, मापुतो व दरबानकडे निघाली. प्रवाशांत आफ्रिकेत पोटापाण्यासाठी स्थिरावलेल्या भारतीयांचा मोठा भरणा होता, तर मालात नाण्यांसाठी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेली सुमारे ६० टन चांदी होती. युद्धनौकांच्या संरक्षणात ताफ्याने जाणाऱ्या जहाजांचे भाग्य तिला लाभले नाही. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस, जपानी पाणबुडी ‘आय-२९’ने तिच्यावर पाणतीर, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावणारा स्फोटक बाण, सोडला. पहिल्या आघाताने बोट लगेच बुडाली नाही, त्यामुळे होड्यांत उतरलेल्यांपैकी काही जण परतून वर चढले. तोच दुसऱ्या पाणतीराने तिचा शेवट केला. ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका आणि ‘कार्थेज’ हे जहाज यांनी मिळून ६७८ जणांना वाचवले, २८० जण दगावले.

याच ‘आय-२९’ने पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांना आपल्यात घेतले, हे लक्षात घेतले की त्या युद्धात एकाच जहाजाशी भारतीयांचे दुःख आणि आशा या दोन्ही कशा जोडल्या गेल्या होत्या हे कळते.

बुडालेली चांदी मात्र विस्मृतीत गेली नाही. २०१७ साली सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून तिच्या २,३६४ लगडी वर काढण्यात आल्या, बाहेर काढणाऱ्या कंपनीने मोबदल्याचा दावा लावला, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारच्या बाजूने निकाल दिला. धातूवरच्या दाव्याचा न्यायालयांनी जितका काळजीपूर्वक विचार केला, तितक्याच आस्थेने त्या २८० माणसांचीही नोंद घेतली जावी, कारण ते सैनिक नव्हते म्हणून त्यांचे मरण युद्धाच्या हिशेबाबाहेर राहावे हे न्याय्य नाही. मुंबईच्या सागरी इतिहासात आणि शाळेच्या पुस्तकात ‘तिलावा’ला जागा मिळणे हे त्या ऋणाची फेड करण्याचे पहिले पाऊल ठरेल.