नाशिकमध्ये काटा तीसवर का जात नाही?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या एका स्नेह्यांनी बंगला बांधला. त्यांचा व्यवसाय द्राक्षबागेचा. निर्यातीची द्राक्षे पेटीत भरताच थंड करावी लागतात, त्यामुळे शीतयंत्रे त्यांना नवी नाहीत. घरात दर खोलीला वेगळे यंत्र लावण्याऐवजी त्यांनी ‘सेंट्रल एसी’ घ्यायचे ठरवले. बाहेर गच्चीवर एक कॉम्प्रेसर, घरात फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेले एक यंत्र, या दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि खोल्याखोल्यांत थंड हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, अशी ही रचना असते.

आम्ही पोचलो तेव्हा बसवायला आलेला मुख्य कारागीर वैतागलेला होता. गडी ठाण्याचा, दहा-बारा वर्षे मुंबई भागात हेच काम केलेला. नळ्यांमधली हवा काढून टाकण्यासाठी निर्वात पंप दोन तास चालू होता आणि गेजचा काटा २८च्या अलीकडेच अडकून बसला होता. “साहेब, पंप गेलाय,” तो म्हणाला. “मुंबईत काटा तासाभरात तीसला टेकतो.”

पंप गेलेला नव्हता. काटा तीसला टेकणे नाशिकमध्ये शक्यच नाही.

हे गेज काय मोजते ते पाहू. त्याच्या तबकडीवर निर्वाताच्या बाजूला ० ते ३० असे आकडे असतात. ते पाऱ्याच्या स्तंभाचे इंच. मात्र यातले ‘शून्य’ म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. बाहेरच्यापेक्षा आतला दाब किती कमी झाला, एवढेच हे गेज सांगते. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर, म्हणजे २९.९ इंच पाऱ्याइतका असतो. आतली सगळी हवा काढली तर फरक २९.९ इंच पडेल आणि काटा तीसला लागेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ७०७ मिलिमीटर, म्हणजे २७.८ इंच भरतो. मुळात जेवढा दाब आहे त्याहून जास्त कमी कसा होणार? शंभर रुपये असलेल्या खिशातून एकशे सात रुपये काढता येत नाहीत, तसेच हे. याच कारणाने नाशिकमध्ये पाणी १०० नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. शाळेत चांगला तापमापी असेल तर विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे. ‘पाणी १०० अंशाला उकळते’ हे पाठ केलेले वाक्य आणि समोरचा तापमापी यांचे भांडण पाहण्यासारखे असते.

कारागिराला हे पटले. पण त्याने लगेच विचारले, “म्हणजे झालं ना काम? भरू गॅस?” या प्रश्नाचे उत्तर मात्र ते गेज देऊ शकत नव्हते.

नळ्यांमधून नुसती हवा काढायची नसते, पाणीही काढायचे असते. नळ्या जागेवर येईपर्यंत त्यांची तोंडे टोपणांनी बंद ठेवायला हवीत. इथे ती उघडी राहिली होती आणि मध्यंतरी एक अवकाळी सर येऊन गेली होती. आत शिरलेले पाणी पंप ओढून काढत नाही. ते आधी उकळावे लागते. गोल बुडाच्या चंबूत पाणी उकळायचे, ज्योत काढून घट्ट बूच लावायचे, चंबू उलटा करून वर गार पाणी ओतायचे, की आतले पाणी पुन्हा उकळू लागते, हा प्रयोग बहुतेक शिक्षकांनी करून दाखवलेला असेल. आतली वाफ थिजते, दाब उतरतो आणि उत्कलनबिंदू खाली येतो. निर्वात पंप तेच काम करतो. ३० अंश तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर असतो. नळीतला दाब त्याच्या खाली गेला की तिच्यातले पाणी कोणत्याही शेगडीशिवाय उकळू लागते आणि वाफेच्या रूपाने पंपातून बाहेर पडते.

आता गेजकडे पुन्हा पाहा. त्यावरचा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. नळी कोरडी झाली असे म्हणायला आतला दाब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. कारागिरांच्या भाषेत ५०० मायक्रॉन. आत ५ मिलिमीटर दाब उरला काय किंवा अर्धा उरला काय, काट्यात फरक पडणार जेमतेम पाव इंचाहूनही कमी. तेवढा तर पावसाळी हवेमुळे बाहेरचा दाब बदलला तरी पडतो. म्हणून यासाठी वेगळे मायक्रॉन गेज वापरतात. त्यात एक तापलेली तार किंवा अर्धवाहकाचा मणी असतो. भोवतीचे रेणू जितके कमी, तितकी त्याची उष्णता कमी वाहून जाते. त्यावरून दाब कळतो, आणि या मोजणीचा बाहेरच्या हवेशी संबंध नसतो. मुंबई, नाशिक, सगळीकडे तोच आकडा.

असे गेज त्याच्या पेटीत होते! सेल संपले म्हणून ते कधीचे पडून होते. कोपऱ्यावरून सेल आणले. आकडा आला २३००. म्हणजे आत पाणी होते. पंप आणखी दोन तास चालवल्यावर आकडा ४५०वर आला. मग पंपाकडची झडप बंद करून आम्ही थांबलो. आकडा चढतच राहिला तर कुठे तरी गळती आहे. थोडा चढून स्थिरावला तर थोडा ओलावा. आमचा ६००च्या आसपास चढून थांबला. कारागिराने मान डोलावली. या चार तासांच्या कामाला पुष्कळ ठिकाणी दहा मिनिटे दिली जातात. कित्येकदा पंप लावतच नाहीत. थोडा गॅस सोडून त्यानेच हवा बाहेर ढकलतात. घरमालकाला फरक दिसत नाही, कारण त्या दिवशी यंत्र गारच हवा देते.

मग बिघडते काय? आत उरलेली हवा थिजत नाही. ती बाहेरच्या गरम जाळीत साठते आणि डाल्टनच्या नियमानुसार आपला आंशिक दाब गॅसच्या दाबात मिळवते. कॉम्प्रेसरला तेवढ्या वाढीव दाबाविरुद्ध जन्मभर काम करावे लागते आणि ते विजेच्या बिलात उतरते. पाण्याची गोष्ट आणखी वाईट. आर-३२ किंवा आर-४१०ए हे गॅस वापरणाऱ्या यंत्रांत सामान्यतः एस्टर जातीचे वंगण तेल असते. बारावीच्या मुलांना एस्टरचे जलअपघटन ठाऊक असते: एस्टर अधिक पाणी, उत्तर आम्ल आणि अल्कोहोल. तीच क्रिया कॉम्प्रेसरच्या पोटात चालू होते आणि तयार झालेले आम्ल मोटरच्या तारांवरचे आवरण खात राहते. दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर जळतो. दोष कंपनीच्या माथी मारला जातो, आणि सोडलेला गॅस हवेत गेलेला असतो तो वेगळाच. आर-३२चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे किलोंइतकी उष्णता अडवतो. हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा किगाली येथील करार २०१६ साली झाला आणि भारताने तो २०२१ साली मान्य केला.

आम्ही थोडे उलटे सांगत आलो. निर्वात करण्याच्या आधी नळ्यांची दाबचाचणी घेतात. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत, समजा ४०० पीएसआय, कोरडा नायट्रोजन भरायचा आणि रात्रभर ठेवायचा. या घरात दुपारी ४०० दाखवणारे गेज सकाळी ३८०वर आले होते. गळती? बाहेरचे तापमान दुपारी ३९ अंश, पहाटे २४. केल्विनमध्ये ३१२ आणि २९७. गेजच्या आकड्यात नाशिकच्या हवेचा दाब, सुमारे १३.७ पीएसआय, मिळवला की निरपेक्ष दाब ४१३.७ होतो. त्याला २९७ ने गुणून ३१२ ने भागले की ३९३.८, त्यातून १३.७ वजा केले की ३८०.१. एक थेंबही गळलेला नव्हता. मुंबईत दिवसरात्रीच्या तापमानात एवढी तफावत नसते, म्हणून तिथे शिकलेल्याला या वीस पीएसआयची सवय नसते. अकरावीच्या वर्गासाठी हे उदाहरण पुस्तकातल्या फुग्यापेक्षा बरे, असे आमचे मत आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. नायट्रोजनचे सिलिंडर हाताशी नाही म्हणून जोडकामाच्या ऑक्सिजननेच दाब भरण्याचा मोह कुणाला होऊ शकतो. हे कधीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही; स्फोट होतो आणि माणसे दगावतात. रेफ्रिजरेशनच्या आयटीआय अभ्यासक्रमाला जाणारा विद्यार्थी आपल्या शाळेत असेल तर त्याच्या वहीत हे वाक्य लाल शाईने लिहून द्या.

नायट्रोजनचे आणखी एक काम आहे. तांब्याची नळी जोडताना ती सातशे अंशांच्या वर तापते. आत साधी हवा असेल तर तांबे आतून काळे पडते. ज्योतीत धरलेली तांब्याची पट्टी काळी पडते ते हेच कॉपर ऑक्साइड. पुढे त्याचे पापुद्रे सुटून बारीक झडपेत अडकतात. म्हणून जोडताना नळीतून नायट्रोजनची मंद धार सोडायची.

यंत्र किती टनाचे घ्यायचे हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. हा टन बर्फाच्या व्यापारातून आला. अमेरिकेतल्या तळ्यांमधला बर्फ जहाजाने १८३३ साली कोलकात्यापर्यंत आला होता, त्या काळाची ही आठवण. २००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढ्या दराने उष्णता शोषतो तो दर म्हणजे एक टन. दर किलोला ३३४ किलोज्यूल धरून गुणाकार-भागाकार केला की सुमारे साडेतीन किलोवॉट येतात. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो; साठ मुलांचा वर्ग म्हणजे पावणेदोन टन झाले! पण खोलीचे क्षेत्रफळ बघून टन ठरवणे हा निव्वळ अंदाज आहे. वर उघडा स्लॅब आहे का, पश्चिमेला काच किती, यावर भार दुपटीनेही बदलू शकतो. आमच्या स्नेह्यांनी गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा काढला. मगच हिशेब केला. जरुरीपेक्षा मोठे यंत्र चटकन गार करून चटकन थांबते आणि हवेतला ओलावा तसाच ठेवते. खरे तर नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये साधा पाण्याचा कूलरही बरेच काम भागवतो, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. ते हसले.

डक्टच्या बाबतीत नाशिकच्या उंचीचा पुन्हा संबंध येतो. इथल्या एका घनमीटर हवेचे वस्तुमान त्याच तापमानाच्या मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी. तितकीच उष्णता वाहून न्यायला पंख्याने तेवढी जास्त हवा ढकलायला हवी.

आणि मेमध्ये केलेल्या कामाची खरी परीक्षा जुलैत होते. मेच्या दुपारी ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. डक्टचा पत्रा १४ अंशांवर असला तरी त्यावर थेंब धरत नाही. जुलैत २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २३ अंशांवर जातो. आता त्याच पत्र्यावर, गार पाण्याच्या तांब्यावर धरतात तसे थेंब धरतात आणि फॉल्स सीलिंगला डाग पडतात. उष्णतारोधक आवरण होते, पण त्याच्या सांध्यांवर चिकटपट्टी नीट नव्हती, असे अशा वेळी आढळते. वाफ फटीतून शिरते आणि आत पाणी होते. आम्ही टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहिला. तीन ठिकाणी पट्टी पुन्हा लावावी लागली. ड्रेन पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतून उतार नीट आहे की नाही तेही पाहिले. मेमध्ये हे पाहायला यंत्रातून पुरेसे पाणी गळतच नाही.

संध्याकाळी सामान आवरताना कारागिराने त्या पहिल्या गेजच्या काचेवर लाल रंगाने २७.८पाशी एक रेघ मारली. त्याचे पुढचे काम महाबळेश्वरला होते. “तिथे रेघ कुठे मारू?” त्याने विचारले. महाबळेश्वरची उंची सुमारे १३७० मीटर. नाशिकला ६०० मीटरला २.१ इंच कमी झाले, तर १३७० मीटरला किती, असे त्रैराशिक मांडले तर उत्तर २५.१ येते. खरा आकडा त्याहून थोडा जास्त, २५.४च्या जवळ असतो, कारण वर जाऊ तशी हवा विरळ होते आणि तेवढीच उंची चढूनही दाब कमी कमी घटतो. त्रैराशिक इथे का चुकते, हे वर्गात विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.