मुक्या जनावरांचे डोळे, कान आणि घरांतील औषधें

उरलेलें औषध टाकून देणें आपल्या लोकांच्या जिवावर येतें. काटकसर हा गृहस्थाश्रमाचा गुण खरा. परंतु औषधांच्या कपाटांत तोच गुण कधीं दोष होऊन बसेल, याचा नेम नाहीं. आमच्याच घरचा अनुभव सांगतों.

आमच्या वाघ्यास, म्हणजे घरच्या कुत्र्यास, शेजारच्या मांजरीनें ओरबाडलें. दुसऱ्या दिवशीं त्याचा डावा डोळा मिटूं लागला व त्यांतून पाणी गळूं लागलें. मातोश्रींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्या वेळच्या थेंबांची अर्धी बाटली कपाटांत शिल्लक होती. माणसाच्या डोळ्यास चाललें तें कुत्र्याच्या डोळ्यास कां चालूं नये, असा सुशिक्षित तर्क करून आम्हीं दोन दिवस ते थेंब घातले. पहिल्या दिवशीं लाली ओसरली. घरांत आमचें थोडें कौतुकही झालें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों बुबुळावर दुधी डाग आणि कडेला चिकट पू!

गुरांच्या दवाखान्यांत डॉक्टर एका शस्त्रक्रियेंत गुंतलेले होते. त्यांचा साहाय्यक, विशींतील एक तरुण, पुढें आला. वाघ्यास हात लावण्यापूर्वींच त्यानें वहिनींना विचारलें, "काकू, डोळ्यांत घरचें कांहीं घातलेंत का? बाटली बरोबर आणली आहे का?" सुदैवानें ती पिशवींत होती. त्यानें लेबलावरील बारीक अक्षरें दिव्यापाशीं धरून वाचलीं, एका नांवावर बोट ठेविलें आणि एवढेंच म्हणाला, "हें स्टेरॉइड आहे. मी आधीं डॉक्टरांना सांगून येतों." त्या एका प्रश्नानें डोळा वाचला, असें डॉक्टर मागाहून म्हणाले. पशुवैद्याच्या हाताखालीं काम करणाऱ्यास औषधशास्त्राचे व शरीररचनेचे प्राथमिक धडे कां द्यावयाचे, हें आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

डोळ्याच्या अगदीं पुढें जें पारदर्शक पटल असतें, त्यास कॉर्निया म्हणतात. कुत्र्याच्या डोळ्यांत त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यांत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तें कांचेसारखें स्वच्छ राहतें. आणि त्याच कारणानें तें फार परावलंबीही असतें. स्टेरॉइड दाह शमवितें, लाली घालवितें. परंतु जखम भरून येण्याचें कामही तें मंदावितें, जंतूंना रान मोकळें करून देतें आणि जखमेभोंवतींचें पटल वितळविणाऱ्या द्रव्यांना जोर आणतें. मातोश्रींना शस्त्रक्रियेनंतर दाह शमविणेंच इष्ट होतें. ओरबाडलेल्या डोळ्यास मात्र तेंच औषध घातक ठरलें. म्हणून डॉक्टर अगोदर फ्लुओरेसीन नांवाच्या नारिंगी रंगाची कागदी पट्टी भिजवून डोळ्यास लावतात. पटल अखंड असेल तर रंग अश्रूंबरोबर वाहून जातो. जखम असेल तर तेवढीच जागा हिरवी दिसते. वाघ्याच्या डोळ्यांत मसुरेएवढा हिरवा ठिपका आम्हीं स्वतः पाहिला.

आपणांस नसलेली आणखी एक गोष्ट या प्राण्यांना असते, ती म्हणजे आंतल्या कोपऱ्यांतील तिसरी पापणी. गाईच्या डोळ्यांत वैरणीचें कुसळ गेलें, तर तें पुष्कळदां हिच्या मागें दडून बसतें, आणि वरून कितीही औषध घातलें तरी डोळा गळतच राहतो. रात्रीं दिव्यापुढें मांजराचे किंवा गाईचे डोळे चमकतात, ते डोळ्याच्या तळाशीं असलेल्या परावर्तक थरामुळें. मनुष्यास व डुकरास तो नाहीं. घोड्याच्या बाहुलीच्या कडेस काळ्या गांठी लोंबतात, त्या जन्मजात असतात. त्यांस रोग समजून घाबरण्याचें कारण नाहीं.

कानाची गोष्ट याहून महत्त्वाची वाटते, कारण तेथें घरगुती उपायांचा हात सैल सुटतो. कान दुखला कीं लसणीचें कोमट तेल, खाजला कीं काडीला कापूस गुंडाळून सफाई, हें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. कुत्र्याच्या कानाचा मार्ग मात्र माणसाच्या कानासारखा आडवा नसतो. तो प्रथम खालीं उतरतो आणि मग काटकोनांत वळून आंत पडद्याकडे जातो. काडीनें मळ निघत तर नाहींच. उलट तो त्या वळणापलीकडे ढकलला जाऊन घट्ट बसतो. मळ कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट असेल तर कानांत बारीक किडे असण्याचा संभव फार, विशेषतः मांजराच्या पिलांत. खाजेनें डोकें सारखें झटकून कानाच्या पाळींत रक्त साकळतें व पाळी पुरीसारखी फुगते.

पडद्यापलीकडे घण, ऐरण व रिकीब अशीं तीन हाडें असतात. त्यांच्या पलीकडे, ऐकणें व तोल सांभाळणें हीं दोन्ही कामें करणारा अंतर्कर्ण. मनुष्यास सेकंदाला सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकूं येतो. कुत्र्यास ४५ हजारांपर्यंत, मांजरास ६० हजारांहूनही अधिक. एवढें नाजूक यंत्र एका पडद्याच्या आड असतें! तो पडदा फाटला असतां जेंटामायसिन, निओमायसिन किंवा क्लोरहेक्सिडीन असलेले थेंब घातले, तर तीं द्रव्यें आंत उतरून जनावर बहिरें होऊं शकतें, किंवा मान वांकडी करून भोंवऱ्यासारखें फिरूं लागतें. म्हणून डॉक्टर आधीं नळीच्या दिव्यानें पडदा पाहतात, आणि पडदा दिसल्यावांचून थेंब लिहून देत नाहींत.

औषधालयांतील धडे वरवर पाहतां अगदीं साधे. बाटलीवर '५ टक्के' असेल तर दर मिलिलिटरास ५० मिलिग्रॅम औषध. किलोमागें ५ मिलिग्रॅम मात्रा असल्यास १२ किलोच्या कुत्र्यास ६० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलें कीं १२ मिलिलिटर! पुन्हां, 'ओ. डी.' हीं अक्षरें आपल्याकडे दिवसांतून एकदां या अर्थीं लिहितात. नेत्रवैद्याच्या चिठ्ठींत त्यांचाच अर्थ उजवा डोळा. हा घोळ टाळण्याकरितां चांगला साहाय्यक सगळे शब्द पुरे लिहितो. कानाचे थेंब डोळ्यांत कधींच घालावयाचे नाहींत. डोळ्यांत थेंब व मलम दोन्ही असल्यास थेंब आधीं, पांचएक मिनिटांनीं मलम. आणि माणसाची गोळी तोडून देण्याचा मोह तर सर्वस्वीं टाळावा. मांजराच्या यकृतास पॅरासिटामॉलचा निचरा करतां येत नाहीं. एका गोळीनेंही त्याच्या हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतें व तें दगावूं शकतें. दुभत्या गाईस औषध दिल्यास दूध किती दिवस वर्ज्य, हेंही चिठ्ठीवर लिहून घ्यावें.

साहाय्यकानें रोगनिदान करावयाचें नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. आपल्याकडील १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानें उपचाराचा अधिकार नोंदलेल्या पशुवैद्यास दिला आहे. इतरांना किरकोळ सेवा करावयाची ती त्याच्या देखरेखीखालीं. त्या तरुणानें आम्हांला औषध सांगितलें नाहीं. त्यानें विचारलें, वाचलें आणि योग्य माणसाच्या कानीं घातलें.

वाघ्याच्या गळ्यांत नरसाळ्यासारखा पट्टा अडकविला होता. त्याच्याच रक्ताची निवळ काढून तिचे थेंब व दुसरें जंतुनाशक औषध दर दोन तासांनीं घालावयाचें होतें. पहिले चार दिवस रात्रींच्या पाळ्या लावल्या. त्यांत मातोश्रींनीं पहांटे चारची पाळी आपण होऊन मागून घेतली. डोळा राहिला. बुबुळावर पांढुरका व्रण आहे, आणि डावीकडून कोणी आलें तर वाघ्या अजून मान अधिक वळवून पाहतो.