विश्लेषण : सोपाऱ्यातले दगड कोणाच्या मालकीचे?

नालासोपाऱ्यातील चक्रेश्वर मंदिरात ब्रह्मदेवाची जुनी दगडी मूर्ती आहे. ती गावातच राहिली. मात्र याच सोपाऱ्यात सापडलेला सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा शिलाखंड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तर स्तूपातील दगडी पेटी एशियाटिक सोसायटीकडे. ती १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडात मिळाली. आत ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक होते. पंडितजींनी जागेसकट सगळे लिहून ठेवले, त्यामुळे पेटी आली कुठून, हा वाद उरला नाही.

इजिप्तच्या सेखेमकाचे तसे झाले नाही. सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीचा हा चुनखडीचा पुतळा इंग्लंडमधील एका सरदार घराण्याकडून नॉर्थम्प्टनच्या संग्रहालयात आला. तिथल्या नगर परिषदेने २०१४ मध्ये तो लिलावात काढला. दीड कोटी पौंडांहून अधिक किंमत आली. इजिप्तने विरोध केला, पण विक्री थांबली नाही.

वसई-विरारमध्ये पाया खणताना मूर्ती निघाली तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. (तो आकडा तेव्हाचाच!) शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याने ठरले. मूर्ती हलवण्याआधी तिचा जागेवरच फोटो काढून ठेवा.